इन्सल्ट, उराझ्का आणि रुसलेला माणूस

फुटबॉलच्या सामन्यात खेळाडू पंचावर खवळला अशी बातमी स्लोव्हाक वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर आली आणि मथळ्यात 'इन्झुल्तात्सिया' हा शब्द असला, की इंग्रजी चांगलं येणारा परदेशी वाचक हमखास फसतो. त्याला वाटतं, खेळाडूने पंचाला काहीतरी वाईटसाईट ऐकवलं असणार, 'इन्सल्ट' केला असणार. पुढे वाचल्यावर कळतं की खेळाडूने पंचाला ढकललंय, नाहीतर सरळ कानाखाली काढली आहे.

शब्द एकाच घरचे आहेत. लॅटिनमध्ये 'इन्सुल्तारे' म्हणजे एखाद्याच्या अंगावर उडी घेणं. इंग्रजीत ती उडी हळूहळू फक्त जिभेची उरली. स्लोव्हाकमध्ये, निदान मैदानावरच्या भाषेत, ती अजून हातापायांची आहे. म्हणून ज्याला इंग्रजी 'इन्सल्ट' स्लोव्हाकमध्ये न्यायचा आहे त्याने हा सगळ्यात सारखा दिसणारा शब्द आधी बाजूला ठेवावा. तिथला रोजचा शब्द वेगळा आहे: 'उराझ्का'. आणि खरी गुंतागुंत त्याच्यापासून सुरू होते.

आधी थोडी ओळख. स्लोव्हाक ही मध्य युरोपातली, साधारण 50 लाख लोकांची भाषा; चेकची सख्खी बहीण, पोलिशची चुलत. आजच्या प्रमाण भाषेचा पाया ल्युदोवीत श्तूर आणि त्याच्या सोबत्यांनी 1843 मध्ये घातला, आणि स्लोव्हाकिया हा स्वतंत्र देश म्हणून 1993 पासून आहे. लिपी रोमन, पण अक्षरांच्या डोक्यावर बऱ्याच टोप्या. त्या सगळ्या देवनागरीत उतरत नाहीत, तेव्हा इथले शब्द मी त्यांच्या वर्तनीच्या जवळ राहून लिहिले आहेत. क्रियापदांच्या शेवटचा 'त्' थोडा मऊ, 'त्य'कडे झुकणारा समजावा, आणि बोलताना जोर नेहमी पहिल्या अक्षरावर.

'उराझ्का' हे नाम. 'उरझित्' हे त्याचं क्रियापद, म्हणजे अपमान करणं, दुखावणं. यातला 'उ' हा उपसर्ग काढला की 'रझित्' उरतं. नाणं पाडण्याला, म्हणजे धातूवर ठसा मारण्याला, हा शब्द आजही वापरतात; मुळात अर्थ प्रहार करण्याचा. या एका धातूचं कुटुंब बघण्यासारखं आहे. 'नारझ' म्हणजे आदळणं, 'पोराझ्का' म्हणजे पराभव, 'ओब्रझ' म्हणजे चित्र. हवामानाच्या अंदाजात पावसाला आणि बर्फाला मिळून 'झ्राझ्की' म्हणतात. आणि 'ऊरझ' म्हणजे अपघातात शरीराला झालेली इजा. कारखान्यात हात यंत्रात सापडला तर तो 'ऊरझ'. पगारपत्रकावर जो अपघात विमा असतो त्याच्या नावातही हाच शब्द. म्हणजे अपमान आणि इजा हे स्लोव्हाकमध्ये अक्षरशः भाऊबहीण आहेत. आपण 'मनाला लागलं', 'शब्द जिव्हारी बसला' म्हणतो तेव्हा उपमा देत असतो. स्लोव्हाक माणसाला वेगळी उपमा द्यावी लागत नाही, ती शब्दातच बसलेली आहे. अर्थात बोलताना त्याला ती जाणवत नाही, जशी आपल्याला 'हलकट' म्हणताना त्यातला 'हलका' जाणवत नाही.

इंग्रजीतही पाठीमागे हाच हिंसक इतिहास आहे, फक्त तो लॅटिनच्या पडद्याआड गेलाय. 'ऑफेंड' हा शब्द 'ऑफेंदेरे'वरून आला, म्हणजे जाऊन आदळणं, ठेचकाळणं. पण आज 'ऑफेन्स' या एका शब्दाने इतकी कामं अंगावर घेतली आहेत की भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक वेळी थांबून विचारावं लागतं, यातलं नेमकं कोणतं?

वकिलाच्या तोंडी 'ऑफेन्स' आला तर तो गुन्हा. मग स्लोव्हाकला पुढचा प्रश्न पडतो: केवढा? किरकोळ असला, म्हणजे वाहतुकीचा नियम मोडणं, रात्री आरडाओरडा करणं, तर 'प्र्येस्तुपोक'. शब्दाचा गाभा 'पाऊल ओलांडणं' असा. फौजदारी असला तर 'त्रेस्त्नी चिन', म्हणजे शिक्षेला पात्र कृत्य, आणि त्यातही 2006 पासून लागू असलेल्या दंडसंहितेत सौम्य 'प्रेचिन' आणि गंभीर 'झ्लोचिन' असे थर आहेत. अमेरिकन खेळाच्या समालोचनात 'ऑफेन्स' आला तर तो नुसता हल्ला, आक्रमण, तिथे 'ऊतोक'. सैन्याची मोहीम असेल तर 'ओफेन्झीवा'. म्हणूनच 'ऑफेन्सिव्ह रिमार्क'चं भाषांतर कुणी 'ओफेन्झीव्ना पोझ्नाम्का' असं केलं तर स्लोव्हाक वाचकाच्या डोळ्यांपुढे शेरा नाही, सेंटर फॉरवर्ड येतो. 'ऑफेन्सिव्ह' वासाला पुन्हा वेगळा शब्द, कारण वास कुणाचा अपमान करत नाही, तो फक्त किळसवाणा असतो.

जुनं इंग्रजी भाषांतरित करायचं असेल तर आणखी एक खड्डा आहे. 1611 च्या इंग्रजी बायबलात 'उजवा डोळा तुला ऑफेंड करत असेल तर उपटून टाक' अशा अर्थाचं वाक्य आहे. डोळा कुणाचा अपमान कसा करणार? तिथे 'ऑफेंड' म्हणजे पाप करायला लावणं, पाय घसरवणं. स्लोव्हाकमध्ये त्यासाठी जुना धार्मिक शब्द होता 'पोहोर्शित्', ज्यात 'होर्शी' म्हणजे 'अधिक वाईट' हा शब्द लपलाय: एखाद्याला बिघडवणं. आज याच शब्दाचं नाम, 'पोहोर्शेन्ये', लोकांच्या नैतिक संतापाला वापरतात. चौकात कुणी अश्लील वागलं तर कायद्याच्या भाषेत त्याने 'सार्वजनिक पोहोर्शेन्ये' निर्माण केलेलं असतं. इथे कुणा एकाचा अपमान झालेला नाही, सगळ्यांना धक्का बसलाय. इंग्रजी दोन्हीला 'ऑफेंडेड' म्हणून मोकळं होतं.

आता मुख्य कोडं. इंग्रजीत एखादा म्हणतो, 'आय ॲम ऑफेंडेड.' तीन शब्द, सरळ वाक्य. स्लोव्हाकमध्ये ते नेताना किमान तीन दारं उघडतात आणि प्रत्येक दारामागे वेगळा माणूस उभा असतो.

पहिलं: 'उरझिलो मा तो.' म्हणजे 'त्याने मला दुखावलं', आणि 'त्याने' म्हणजे त्या गोष्टीने. इथे जबाबदारी समोरच्या शब्दांवर आहे. दुसरं: 'त्सीतिम सा उरझेनी', मला अपमानित वाटतंय. हे गंभीर, थोडं औपचारिक. पत्रात, निवेदनात शोभणारं. तिसरं दिसायला सगळ्यात सोपं आणि सगळ्यात धोक्याचं: 'उरझिल सोम सा.' यातला 'सा' म्हणजे 'स्वतःला'. शब्दशः, मी स्वतःला दुखावून घेतलं. अर्थ होतो, मी राग धरला. पण कानाला ते ऐकू येतं 'मी रुसलो', 'मी फुगलो' असं. वाढदिवसाला बोलावलं नाही म्हणून कोपऱ्यात जाऊन बसलेल्या मुलाबद्दल आई हेच क्रियापद वापरते. एखाद्या इंग्रजी कादंबरीतली नायिका वर्णद्वेषी शेरा ऐकून ताठ मानेने म्हणाली की 'आय ॲम ऑफेंडेड', आणि भाषांतरकाराने घाईत हे तिसरं रूप टाकलं, तर नायिका गाल फुगवून बसल्यासारखी दिसते. बिचारीचा दुसऱ्यांदा अपमान.

मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपल्याकडेही 'माझा अपमान झाला', 'मला वाईट वाटलं', 'मी दुखावले' आणि 'मी रुसले' ही चार वेगळी माणसं आहेत. शिवाय बोलणारा पुरुष की बाई हे आपल्यासारखंच स्लोव्हाकला लपवता येत नाही. पुरुष 'उरझिल सोम सा' म्हणेल, बाई 'उरझिला सोम सा'. आपलं रुसलो-रुसले तसंच. इंग्रजी मूळ मजकुरात बोलणारा कोण हे शेवटपर्यंत गुलदस्त्यात ठेवलेलं असेल तर भाषांतरकाराला घाम फुटतो. मग पहिलं दार कामाला येतं: 'त्या गोष्टीने मला दुखावलं' म्हटलं की बोलणाऱ्याचं लिंग झाकलेलं राहतं.

क्रियापदाची आणखी एक जोडी इथे महत्त्वाची आहे. स्लाव्ह भाषांत बहुतेक क्रियापदं जोडीने येतात, एक काम तडीस गेल्याचं सांगणारं, दुसरं काम चालू असल्याचं. 'उरझित्' हे तडीस गेलेलं, 'उराझत्' हे चालू असलेलं. इंग्रजीत दोन्ही 'इन्सल्ट'. 'उराझल मा' म्हणजे तो माझा अपमान करत होता, घालूनपाडून बोलत होता. 'उरझिल मा' म्हणजे त्याचा बाण लागला. त्यामुळे 'तो मला उराझल, पण त्याने मला उरझिल नाही' असं म्हणता येतं: खूप बोलला, पण माझ्या अंगाला काही चिकटलं नाही. इंग्रजीत हे सांगायला अख्खं वाक्य जोडावं लागेल. मराठीत आपण ते सहायक क्रियापदांवर सोपवतो. 'बोलत राहिला' आणि 'बोलून गेला' यांत जो फरक आहे, तो काहीसा या जातीचा.

मनाई करतानाही जोडीतला कोण निवडला यावर सगळं ठरतं. 'न्येउराझय मा!' म्हणजे माझा अपमान करू नकोस, खबरदार. 'न्येउरझ सा' म्हणजे राग धरू नकोस हं. एवढ्याशा फेरफाराने धमकीचं आर्जव होतं.

ज्याला पटकन राग येतो अशा माणसाला इंग्रजी 'टची' म्हणतं, म्हणजे ज्याला जरा हात लागला तरी कळ येते. स्लोव्हाक त्याच माणसाला 'न्येदोत्क्लिवी' म्हणतं आणि त्यात 'न्ये' हा नकार आहे: ज्याला हात लावायचाच नाही असा. एका भाषेत लगेच स्पर्श होणारा, दुसऱ्या भाषेत स्पर्श न करण्याजोगा, आणि माणूस तोच, दोन्हीकडे आपण शब्द तोलून ज्याच्याशी बोलतो तो. अशा माणसाला स्लोव्हाकमध्ये 'मिमोझा' असंही म्हणतात. हे झाड आपल्या ओळखीचं आहे, आपलं लाजाळू. यात गंमत अशी की मराठीत लाजाळूचं पान लाजतं, स्लोव्हाकमध्ये तेच पान दुखावलं जातं.

'उराझ्लिवी' हे विशेषण तर आणखी दगाबाज. 'उराझ्लिवी' शब्द म्हणजे अपमानकारक शब्द. पण 'उराझ्लिवी' माणूस म्हणजे अपमान करणारा नव्हे, सहज अपमान मानून घेणारा. इंग्रजीत 'ही इज ऑफेन्सिव्ह' वाचून कुणी सरळ शब्दकोशातलं विशेषण उचललं तर हल्लेखोर आणि जखमी यांची अदलाबदल होते. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली ही सर्वात महाग चूक, कारण वाक्य व्याकरणाने बरोबर असतं आणि संपादकाच्या नजरेतून सहज सुटतं.

शिव्यांकडे वळू. शिवीला शब्द 'नदाव्का', शिव्या देणं म्हणजे 'नदावत्'. यातला 'दावत्' म्हणजे देणं; संस्कृत 'दा' आणि आपलं 'देणं' यांच्याच मुळाचा शब्द. आपणही शिव्या देतोच. एवढंच नाही, आपण जसं सरकारला, पावसाला, नगरपालिकेला शिव्या घालतो, म्हणजे प्रत्यक्षात फक्त कुरकुर करतो, तसंच स्लोव्हाक माणूस हवामानावर 'नदावत्' करतो. त्यामुळे इंग्रजी 'ही वॉज कम्प्लेनिंग अबाउट द वेदर' यालाही बोलीत हा शब्द चालतो, आणि उलट्या दिशेने येणारा भाषांतरकार एखाद्या सभ्य आजोबांना आकाशाकडे बघून शिवीगाळ करायला लावू शकतो.

इंग्रजी 'स्वेअर' हा शब्दही दुतोंडी: शपथ घेणं आणि शिवी हासडणं. कोर्टातला साक्षीदार 'स्वेअर' करतो तेव्हा 'प्रिसाहत्', आणि बोटावर हातोडी बसल्यावर करतो तेव्हा 'नदावत्' किंवा 'क्ल्यात्'. देवाचं नाव घेऊन शिवी देण्याला तर वेगळं क्रियापद आहे, 'बोहोवत्'. 'बोह' म्हणजे देव. जुन्या, अर्ध्या धार्मिक अर्ध्या लोककथेतल्या उद्गारांत 'पारोम' नावाचा एकजण वारंवार येतो: 'दो पारोमा!', 'पारोम तुला नेवो' अशा थाटात. हा म्हणजे स्लाव्ह लोकांचा जुना गडगडाटाचा देव पेरुन. ख्रिस्ती धर्म आल्यावर देवपण गेलं, शिवीतली जागा मात्र टिकली. इंग्रजीतल्या 'डॅम' आणि 'हेल'सारख्या आता बोथट झालेल्या शब्दांना हा पारोम छान जुळतो, विशेषतः बोलणारा म्हातारा आणि खेड्यातला असेल तर. शहरी तरुणाच्या तोंडी तो घातला तर तरुणाच्या अंगावर आजोबांचा कोट चढतो.

प्राण्यांची नावं हा मजेचा भाग. स्लोव्हाकमध्ये गाढवाला 'सोमार' म्हणतात. आपल्याकडे खेड्यात सोमार म्हणजे सोमवार, तेव्हा तिथे कुणी 'ती सोमार!' असं ओरडलं तर वार सांगत नाहीये हे लक्षात घ्यावं. 'ती' म्हणजे तू. इंग्रजी 'डाँकी' आणि हा सोमार अगदी जुळतात. इंग्रजीत बाईला 'स्टुपिड काउ' म्हटलेलं 'ह्लूपा क्रावा' असं शब्दाला शब्द जातं आणि बरोबर तितकंच लागतं. तेच मराठीत आणायला गेलं तर अडतं, कारण आपल्याकडे गाय म्हणजे गरीब गाय. शिवीचं काम म्हशीला करावं लागतं. उलट इंग्रजी 'चिकन', म्हणजे भित्रा, स्लोव्हाकमध्ये जात नाही. तिथे 'स्ल्येप्का' म्हणजे कोंबडी ही बावळट बाईला दिलेली शिवी आहे. भित्रेपणाचा मान 'झायत्स'कडे, म्हणजे सशाकडे. पळून जायच्या बेतात असलेल्या माणसाच्या मनात 'सशाचे विचार' आहेत असं स्लोव्हाक म्हणतात. सशाचं काळीज असलेल्यांना हे सांगायला नको.

पण खरी धार अनेकदा शिवीत नसतेच, ती सर्वनामात असते. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. स्लोव्हाकमध्ये 'ती' आणि 'वी', आपल्या तू आणि तुम्हीसारखे. 'ती' म्हणण्याला 'तिकत्' आणि 'वी' म्हणण्याला 'विकत्' अशी क्रियापदं आहेत (नाही, विकत घेण्याशी संबंध नाही). दोन प्रौढ माणसं एकमेकांना 'वी'वरून 'ती'वर आणतात तेव्हा त्याचा छोटासा विधीच असतो. वयाने किंवा हुद्द्याने मोठा असलेल्याने तसं सुचवायचं, बहुधा हातात ग्लास असतो. हा विधी न करता कुणी अनोळखी माणसाला 'ती' म्हटलं की झाला अपमान, एकही शिवी न देता. आपण म्हणतो ना, 'एकेरीवर आला'.

आता इंग्रजी कादंबरीतलं भांडण बघा. दोन वकील, किंवा मालक आणि भाडेकरू, पानभर वाद घालतायत. सुरुवातीला सभ्य, शेवटी हमरीतुमरी. इंग्रजीत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'यू'च आहे. स्लोव्हाक भाषांतरकाराला ठरवावं लागतं की कोणत्या ओळीला 'वी'चं 'ती' होणार. मूळ लेखकाने ती ओळ लिहिलेलीच नाही. खुणा शोधाव्या लागतात: 'सर' म्हणणं कुठे थांबलं, आडनावावरून पहिल्या नावावर कुठे आले, वाक्यं कुठे तुटायला लागली. ओळ चुकीची निवडली तर भांडण आधीच पेटतं, नाहीतर पेटतच नाही. आणि एक तिसरा पर्यायही आहे, जो मला सगळ्यात आवडतो: शिवी द्यायची, पण 'वी' सोडायचं नाही. 'वी स्ते सोमार', म्हणजे 'तुम्ही गाढव आहात'. क्रियापद आदरार्थी बहुवचनात आणि माणूस गाढव. थंड डोक्याने केलेला अपमान यापेक्षा नीट सांगता येणार नाही.

टोमण्यांची खाती दोन्ही भाषांत वेगवेगळी आहेत, पण मराठी माणसाला स्लोव्हाक खातं जवळचं वाटेल. 'श्तीपत्' म्हणजे चिमटा काढणं, आणि चिमटे काढणाऱ्या शेऱ्याला 'उश्तिपाच्नी' म्हणतात. 'पोद्पिखोवत्' म्हणजे टोचून बोलणं, खालून सुई लावणं. उपहासाला 'पोस्मेख', आणि त्यातला 'स्मेख' हा आपल्या 'स्मित'चा लांबचा नातेवाईक. कुणाला कमी लेखणं याला दोन शब्द आहेत. 'झ्नेवाझित्', ज्यात 'वाझित्' म्हणजे वजन करणं. पत्राच्या सुरुवातीला 'वाझेनी पान' लिहितात, म्हणजे वजनदार, आदरणीय महाशय, आणि 'झ्नेवाझित्' म्हणजे त्याचं ते वजन काढून घेणं. दुसरा 'झ्ल्याह्चोवत्', हलकं करणं. त्यातलं 'ल्याह्की' आणि संस्कृत 'लघु' एकाच मुळाचे. इंग्रजी 'बिलिटल', 'स्लाइट', 'पुट डाउन' यांच्यापैकी कोणता शब्द समोर आहे ते बघून या दोघांत निवडावं. माणसाला कमी लेखलं तर पहिला, त्याच्या दुःखाला किंवा कामाला किरकोळ ठरवलं तर दुसरा. राजकारणी मंडळींना मात्र हे घरचे शब्द पुरत नाहीत. त्यांना 'देहोनेस्तोवत्' लागतो, लॅटिन पेहरावातला शब्द, आणि तो ऐकला की अपमान झाला आहे यापेक्षा पत्रकार परिषद चालू आहे हेच जास्त कळतं.

शिवी किती खरखरीत आहे हे मोजायला स्लोव्हाक शब्दकोश शब्दापुढे खुणा लावतात: भावनादर्शक, निंदाव्यंजक, 'ह्रुबे', आणि सगळ्यात खाली असभ्य. 'ह्रुबी' म्हणजे जाडाभरडा. किराणा दुकानात 'ह्रुबा मूका' मागितली की रवाळ, जाड दळलेलं गव्हाचं पीठ मिळतं. 'ह्रुबे' शब्द म्हणजे तसेच न चाळलेले. भाषांतरकाराला अर्थापेक्षा या खुणेची गरज जास्त. अर्थ अंदाजाने कळतो, जाडी कळत नाही. पण इथे एक अडचण आहे. स्लोव्हाक विज्ञान अकादमीचा नवा मोठा शब्दकोश 2006 पासून खंडाखंडाने निघतोय, आणि 2021 मध्ये आलेला चौथा खंड 'पी'च्या अर्ध्यावर थांबला. 'नदाव्का' 2015 च्या खंडात येऊन गेली. 'उराझ्का' वर्णमालेच्या शेपटाकडे. तिच्यासाठी जुना एकखंडी कोश, ज्याची चौथी आवृत्ती 2003 ची आहे, तोच हाताशी धरावा लागतो.

कायद्यात आल्यावर शब्दांना अचानक शिस्त लागते. इंग्रजी कायदा बदनामीचे दोन भाग करतो, लिहिलेली ती 'लायबल' आणि बोललेली ती 'स्लँडर'. स्लोव्हाकला या फरकाशी घेणंदेणं नाही. दंडसंहितेच्या कलम 373 मध्ये एकच गुन्हा आहे, 'ओहोवारन्ये': दुसऱ्याबद्दल खोटी माहिती पसरवून त्याची पत, नोकरी, धंदा किंवा घरचे संबंध धोक्यात आणणं. गंमत अशी की रोजच्या भाषेत 'ओहोवारत्' म्हणजे पाठीमागे बोलणं, कुचाळक्या करणं. 'होवोरित्' म्हणजे बोलणं, त्याच्याभोवती 'ओ' लागला: एखाद्याच्या भोवतीनं बोलणं. जिन्यात उभ्या राहून दोन शेजारणी तिसरीबद्दल जे करतात ते 'ओहोवारत्', आणि ज्यासाठी तुरुंग होऊ शकतो तेही. इंग्रजी 'डिफेमेशन' शेजारणींना कधी वापरायला मिळत नाही.

नुसता तोंडावर केलेला अपमान मात्र फौजदारीत नाही, 1990 च्या किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात आहे. नाव, 'उब्लीझेन्ये ना त्स्ति', म्हणजे अब्रूला इजा. मारहाणीच्या गुन्ह्याचं नाव 'उब्लीझेन्ये ना झ्द्रावी', आरोग्याला इजा. पुन्हा तीच जोडी: क्रियापद एक, जखमेची जागा वेगळी. अब्रूच्या इजेला कायद्यात लिहिलेला कमाल दंड 33 युरो. शिवाय तक्रार त्या दुखावलेल्या माणसानेच करायची, आणि अधिकाऱ्याने आधी दोघांत समेट होतो का ते बघायचं.

33 युरो वाचून मला रोमचा लुशियस वेराटियस आठवतो. रोमच्या जुन्या बारा पाट्यांवरच्या कायद्यात किरकोळ 'इनयुरिया'ला, म्हणजे थप्पड वगैरेला, 25 'अस' इतका दंड ठरला होता. काळ गेला, नाण्याची किंमत घसरली. औलुस गेलियस या लेखकाने नोंदवलंय की हा वेराटियस रस्त्याने चालता चालता दिसेल त्याच्या थोबाडीत मारायचा आणि मागून पैशांची थैली घेऊन येणारा गुलाम लगेच 25 'अस' मोजून द्यायचा. पुढे ठरावीक दंड सोडून नुकसान पाहून भरपाई ठरवायची पद्धत आली. या रोमन 'इनयुरिया'च्या पोटात मारहाणही होती आणि अपमानही. इंग्रजी 'इन्जुरी' तिथूनच निघाला.

'स्लर' या इंग्रजी शब्दाला स्लोव्हाकमध्ये एकच असा शब्द नाही. एखाद्या समाजाला हिणवण्यासाठी वापरलं जाणारं नाव, हे सगळं लांबलचक सांगावं लागतं किंवा नुसतं 'नदाव्का' म्हणून भागवावं लागतं. पण वस्तू नाही असं मुळीच नाही. 'त्सिगान' हा शब्द घ्या. इंग्रजी 'जिप्सी'साठी कोश हाच शब्द देतात. त्यावरून क्रियापद झालंय 'त्सिगानित्', अर्थ खोटं बोलणं, आणि लोक ते मुलांशी बोलतानाही सहज वापरतात. नाताळच्या बाजारात पावात घालून मोहरी-कांद्यासोबत देतात त्या भाजलेल्या डुकराच्या मांसाच्या नावातही 'त्सिगान' आहे, आणि गावोगावच्या व्हायोलिनवाल्या ताफ्यांच्या संगीतालाही तेच विशेषण. 1991 मध्ये सरकारने या समाजाला अल्पसंख्य राष्ट्रीयत्व म्हणून मान्यता दिली आणि 'रोम' हे त्यांचं स्वतःचं नाव अधिकृत झालं. तेव्हापासून वर्तमानपत्रात, शाळेत, कचेरीत 'रोम'. 'त्सिगान' म्हटलं की बोलणाऱ्याची बाजू उघडी पडते.

मग इंग्रजी 'जिप्सी'चं काय करायचं? ब्रिटनमध्ये काही लोक स्वतःला अभिमानाने 'जिप्सी' म्हणवतात. त्यांच्या तोंडी 'त्सिगान' घातला तर स्लोव्हाक वाचक दचकतो. 'रोम' घातला तर एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीत आजचा शब्द येतो. आणि कादंबरीतलं पात्र जर हिणवायलाच 'जिप्सी' म्हणत असेल तर 'रोम' लिहिणं म्हणजे त्याचं पाप धुऊन देणं. माझं मत: निवेदकाचा शब्द आणि पात्राचा शब्द वेगळे ठेवावेत, आणि पात्राला त्याच्या तोंडचं घाणेरडं बोलू द्यावं. आपल्यासाठी या प्रकरणाला आणखी एक कड आहे. स्लोव्हाकियातल्या ज्या रोम घरांत अजून रोमानी बोलली जाते, तिथे पाण्याला 'पानी', नाकाला 'नाख' आणि काळ्याला 'कालो' म्हणतात. ही भाषा भारतातून गेली. खोटं बोलण्याला ज्यांचं नाव चिकटवलं, ते आपल्या भाषेचे भाऊबंद आहेत.

राहता राहिलं 'नो ऑफेन्स'. इंग्रज माणूस काहीतरी टोचणारं बोलायच्या आधी किंवा नंतर हे दोन शब्द टाकतो, आणि समोरचा 'नन टेकन' म्हणून परत करतो, टेबल टेनिससारखं. स्लोव्हाकमध्ये 'बेझ उराझ्की' हे शब्दशः भाषांतर आहे, चालतंही. पण त्यात थोडा इंग्रजी मालिकांचा वास येतो. घरात, दुकानात, कार्यालयात लोक म्हणतात 'न्येह्न्येवाय सा, आले...' आणि अनोळखी माणसाला 'न्येह्न्येवाय्ते सा'. 'ह्न्येव' म्हणजे राग. म्हणजे शब्दाला शब्द आपलं 'रागावू नकोस, पण...', 'राग मानू नका हं, पण...'. यात अपमानाचा उल्लेखच नाही. मी तुझा अपमान केला की नाही यावर वाद नको, तू फक्त रागावू नकोस, एवढीच विनंती.

'नन टेकन'ला मात्र जागा सापडत नाही, कारण 'ऑफेन्स' दिला-घेतला जातो, राग तसा परत करता येत नाही. चांगले भाषांतरकार तिथे 'व पोहोद्ये' टाकून मोकळे होतात, म्हणजे 'निवांत', 'चालतंय'. किंवा पात्र तुटक स्वभावाचं असेल तर 'न्येह्न्येवाम सा', नाही रागावलो. आणि पात्र खरंच दुखावलेलं असेल तर काहीच न लिहिता पुढच्या ओळीला त्याचं 'ती' बदलून 'वी' करतात.